जुनी मोटार घेतांना

बेताच्या मिळकतींत जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबानें रंगाच्या झळाळीस भुलूं नये. पनवेल हें गाढी नदीकांठचें गांव. २००५ च्या जुलैंतील पुरानें येथें अनेक घरांत पाणी शिरलें. पाण्यांत बुडालेली मोटार स्वस्तांत मिळते खरी, परंतु तिच्या विजेच्या तारा आंतून गंजत राहतात. यास्तव पायाखालील गालिचा उचलून पाहावा; सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढावा, गाळाचे डाग तेथें बहुधा राहून जातात. इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. त्याची मजुरी वांचविणें आंतबट्ट्याचें. नोंदणीचीं १५ वर्षें कधीं सरतात तेंही पाहावें. कर्जाचा बोजा असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ हातीं आल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. ‘नांवावर मागाहून करूं’ म्हणणाऱ्या विक्रेत्यास नमस्कार करून घरीं परतावें.