कुचाचा नगारा

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला आणि १८२८ च्या आगींत आंतल्या इमारती जळून गेल्या. दिल्ली दरवाजावरील नगारखाना मात्र आजहि उभा आहे. तेथील चौघडा केवळ धन्याच्या वैभवासाठीं झडत असे, अशी पुष्कळांची समजूत असते. वैभव होतेंच, परंतु छावणींत नगाऱ्यास याहून जोखमीचें काम असे. तें म्हणजे फौज हालविण्याचें.

पलटणीचा बँड ऐकलेल्यास वाटतें कीं, नगाराहि पावलें जुळविण्यासाठींच वाजत असावा. तसें नव्हतें. मराठ्यांचें मुख्य बळ घोडदळ, आणि हजारों घोडीं एका तालावर चालत नाहींत. पावलाचा ताल कवायती पायदळास लागतो. डी बॉयन यानें १७८४ नंतर महादजी शिंद्यांकरितां तशा पलटणी उभारल्या. नगाऱ्याचें काम निराळें होतें. तो ताल देत नसे, हुकूम देत असे.

नगारा म्हणजे धातूच्या मोठ्या भांड्यावर ताणलेलें कातडें. तो हत्तीवर किंवा उंटावर चढवीत. धुरळ्यांत निशाण दिसेनासें झालें, तरी त्याचा खोल घोष टापांच्या आवाजांतून ऐकूं येई. शिंग, तुतारी आणि लांब सरळ कर्णा यांचा सूर उंच व तीक्ष्ण. तो गर्दी चिरून पलीकडे जाई. सेनापतीचा शब्द चार राहुट्यांपलीकडे पोहोंचत नाहीं. तंबू पाडावयाचे, बैल लादावयाचे, स्वारांनीं रिकिबींत पाय घालावयाचा, हें सर्वांस एकदम कळलें नाहीं तर शत्रू येण्याआधींच फौज मोडते. म्हणूनच शत्रूचें निशाण आणि नगारा हातीं लागणें हा मोठा विजय मानीत. नगारा गेला कीं अब्रू जाई आणि वाचाहि जाई.

ही शिस्त पाहण्यास बखरीच चाळावयास हव्यात असें नाहीं. शिंद्यांच्या पदरीं असलेले आरफळचे हैबतबाबा यांनीं सुमारें १८३२ सालीं ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीची वाट फौजेच्या रीतीनें आंखून दिली. अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे व तंबू पुरविले. आजहि पुढें बैलगाडींत नगारा, मागें घोडे, मग दिंड्या असा क्रम असतो. निघतांना कर्णा तीनदां होतो. पहिल्यास आवराआवर, दुसऱ्यास दिंड्या आपापल्या जागीं, तिसऱ्यास पालखी हालते. एवढा समुदाय हालतो तो आरडाओरड्यावर नव्हे, तर या तीन खुणांवर.

नौबत या शब्दाचा मूळ अर्थच पाळी असा आहे. आपली पाळी केव्हां, हें ज्याला आवाजावरून कळतें त्याच्यासाठींच रणवाद्य वाजतें. उत्सवांतील ढोलताशांचा आनंद वेगळा. तो थांबला तरी कोणाची वाट चुकत नाहीं. पण दुसरा कर्णा गोंगाटांत बुडाला, तर शेंकडों दिंड्यांचा क्रम विस्कटेल.

ज्येष्ठ वद्यांत पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून निघते. त्या पहाटे लवकर जाऊन कर्ण्याकडे कान द्यावा. दोन कर्ण्यांमधल्या अवधींत किती हात मुकाट्यानें कामास लागतात, तेंहि पाहावें. मराठी फौजेचें कूच कसें होत असेल, याची कल्पना तेथें जितकी येते तितकी वर्णनानें येणार नाहीं.