४० केबीतला मारिओ माजलगावात कसा पोचला?

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम १३ सप्टेंबर २०२५ ला ४० वर्षांचा झाला. त्याच्या आदल्याच दिवशी कंपनीनं मारिओच्या पुढच्या चित्रपटाची घोषणा केली, तो एप्रिल २०२६ साठी ठरला. २०२३ च्या चित्रपटानं जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता, तेव्हा पुढचा येणार हे ठरलेलंच होतं. तेव्हा सगळीकडे लाल टोपीची चित्रं फिरत होती. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये विक्रीला आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बीड जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या गावात पोचला कसा? कंपनीचं दुकान सोडाच, कंपनीचं नावही इथं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीतल्या पोरांना पहिल्या स्टेजमधला कुठला पाईप आत नेतो, हे तोंडपाठ होतं.

उत्तर खेळाच्या आकारात आहे. सगळा मिळून तो ४० किलोबाइटचा: ३२ प्रोग्रामसाठी, ८ चित्रांसाठी. आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शंभर मारिओ सहज मावतील. पुढच्या अनेक खेळांना कॅसेटमध्ये जादा चिप लागायची. आपल्याकडचा दुसरा लाडका ‘कॉन्ट्रा’ १२८ किलोबाइटचा होता आणि त्याला तशी सोय लागायची. मारिओला काहीच लागत नव्हतं, म्हणून त्याची नक्कल सगळ्यात सोपी आणि स्वस्त. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांचे व्हिडिओ गेमचे डबे आपल्या बाजारात आले, ती मूळ जपानी यंत्राचीच नक्कल होती. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे. यादी खाली नेत राहिलं, की तेच ते खेळ पुन्हा यायचे, कधी दुसऱ्या नावानं, कधी मधल्याच स्टेजपासून सुरू होणारे. त्या यादीत मारिओ हमखास असायचा. कायद्यानं ही चोरीच होती. पण ती झाली नसती, तर मराठवाड्यातल्या एका पिढीच्या हाती हा खेळ लागलाच नसता, हेही तितकंच खरं.

तो टिकला मात्र त्याची रचना करणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या हुशारीवर. पहिल्या स्टेजचा पहिला पडदा नीट बघा. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. कुठं जायचं हे सांगायला बाण नाही, पाटी नाही. चार पावलं गेलं, की चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा दिसतो आणि समोरून एक तपकिरी बुटका चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण वाया जातात ते दोन-चार सेकंदच. पुढच्या खेपेला बोट आपोआप उडीच्या बटणावर जातं. उडी मारताना डोकं ठोकळ्याला लागतं आणि नाणं निघतं. दुसऱ्या ठोकळ्यातून मशरूम निघतं. दिसायला ते त्या बुटक्यासारखंच, म्हणून आपण बिचकतो. पण ते पुढच्या पाईपला आपटून परत आपल्याकडेच येतं. डोक्यावर विटा असल्यानं पळायला धड जागाही नसते. ते अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो, आणि हे चांगलं असतं हा धडा कायमचा पक्का होतो. पुढे समोरासमोर दोन पायऱ्यांचे ढीग येतात, मधे जमीन असते. लगेच तसेच आणखी दोन ढीग, या वेळी मधे खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. पहिलीतल्या मुलाला शिकवणाऱ्या कुठल्याही गुरुजींनी ही स्टेज अभ्यासावी, असं मला मनापासून वाटतं. एक अक्षर न वाचता सगळं कळतं, म्हणून मराठी शाळेतलं पोर इथं इंग्रजी शाळेतल्या पोराच्या मागे पडत नव्हतं.

तो बुटका खरं तर अगदी शेवटी घातलेला. कासव पहिला शत्रू म्हणून अवघड जातंय हे लक्षात आलं, तेव्हा चित्रांसाठी जागा जवळजवळ संपली होती. म्हणून त्याचं एकच चित्र काढलं आणि ते उजवं-डावं उलटवत राहिले. तेच त्याचं चालणं. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हेही एकच चित्र, फक्त रंग वेगळा. ज्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यांना ही गोष्ट रंगीत टीव्हीवाल्यांच्या आधी दिसली असणार.

आता माझा आवडता मुद्दा. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला ५० वेळा. या खेळातलं सगळं, म्हणजे चाल, उडी, संगीत, घड्याळसुद्धा, त्या चित्रांच्या मोजणीवर चालतं. युरोपसाठी कंपनीनं वेग दुरुस्त करून वेगळी आवृत्ती काढली. आपल्या कॅसेटमध्ये साधारणपणे मूळचीच आवृत्ती असायची. म्हणजे आपला मारिओ एक षष्ठांशानं संथ धावत होता. पहिल्या स्टेजला घड्याळात ४०० असतात आणि दर २४ चित्रांमागे एक कमी होतो. तिकडे ती वेळ २ मिनिटं ४० सेकंदांत संपते, इथं ३ मिनिटं १२ सेकंद पुरायची. संगीतकार कोजी कोंदोची धून सुरात तीच, पण लय सावकाश. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ मध्ये ती धून राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतली, व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मूळ वेगातली ती धून ऐकली, की आजही मला ती घाईत वाटते. माझ्या कानाला संथ लयीचीच ओळख आहे.

दुसरी गोष्ट, या खेळात ‘सेव्ह’ नाही. बीड जिल्ह्यात लोडशेडिंगच्या काळात याचा अर्थ काय होता, हे वेगळं सांगायला नको. आठव्या जगातल्या ड्रॅगनपाशी पोचावं आणि लाईट जावी. पण त्यामुळेच रोज सगळे पहिल्या स्टेजपासून निघायचे. दसऱ्यानंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मित्र उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचा, तेव्हा या एका बाबतीत तरी तो कुणाच्या मागे नसायचा. दोघांचा खेळही आळीपाळीचा: तुझा मेला की पाळी माझी. दारातून बघणाऱ्याचाही नंबर लागायचा. यंत्र मोजक्या घरांत होतं, तरी खेळ पुष्कळांचा झाला, तो असा.

लहान म्हणून तो उथळ नाही. बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच जाते, हवेतही दिशा बदलता येते, धावताना एकदम थांबलं तर पाय घसरतो. एवढ्याशा गोष्टींतून इतकं काही निघतं, की लोक अजून त्यावर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यासाठी झगडताहेत. ‘निफ्टस्की’ नावानं खेळणाऱ्या खेळाडूनं २०२१ मध्ये हा खेळ पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला. त्यानंतरचे विक्रम सेकंदाच्या अंशांनी पुढे सरकताहेत. त्याच वर्षी, न उघडलेली एक जुनी कॅसेट २० लाख डॉलरला विकली गेली. मला यातला पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो, दुसरा नाही. न उघडलेली कॅसेट म्हणजे न खेळलेला खेळ.

आणि आजचे मोबाईलवरचे खेळ? दर दोन मिनिटांनी जाहिरात, ‘लाईफ’ संपली की पैसे मागणारी खिडकी. मारिओ हरलेल्याकडून काही मागत नाही, पुन्हा उभं करतो. मुलांना खेळ द्यायचाच असेल, तर असा द्यावा.

माळ्यावर तो जुना डबा असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात घालू नका. अडॅप्टर आधी एखाद्या टीव्ही मेकॅनिकला दाखवून घ्या. मग घरातल्या, अजून वाचता न येणाऱ्या पोराच्या हातात रिमोट द्या आणि शेजारी बसून काहीही सांगू नका. पहिल्या बुटक्याला ते धडकेल. धडकू द्या.