पेला त्याचा त्यालाच भरू द्या

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या नातवंडाला सांभाळणारे आजीआजोबा दवाखान्यातून उठताना एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?" या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. त्याचा एक तुकडा मात्र आपल्या घरच्या माठापाशी सापडेल.

तहान लागली की पाणी घेणे, हात धुणे, शौचानंतर पाणी वापरणे, अंघोळ करणे हे सारे चित्रे दाखवून शिकवता येते. पण अशी अनेक मुले चित्रातला तांब्या आणि हातातला तांब्या यांची सांगड घालू शकत नाहीत. म्हणून शिकवणी खऱ्या पाण्यावरच हवी. पुण्याची 'कामायनी' १९६४ सालची; महाराष्ट्रात विशेष शाळा नव्या नाहीत. तरीही तासगावच्या वाडीवस्तीवरील मुलाची पहिली शाळा म्हणजे घरची मोरीच.

काम लहान पायऱ्यांत तोडा आणि शेवटच्या पायरीपासून आरंभ करा. झाकण काढणे, ओगराळ्याने पाणी घेणे, पेल्यात ओतणे हे तुम्ही करा. पेला तोंडाशी नेणे तेवढे त्याचे. ते जमले की ओतणेही त्याचे. पाठीमागे उभे राहून त्याच्या हातावर आपला हात ठेवा आणि पकड दिवसेंदिवस सैल करीत जा. शब्द रोज तेच वापरा. पाणी सांडेल, ते सांडू द्या. (आजीची माया येथे हटकून आडवी येते!)

आता वैद्यकीय बाजू. न बोलणारे मूल तहान सांगत नाही. फिट्सवरील टोपिरामेट, झोनिसामाइड या औषधांनी काहींना घाम कमी येतो आणि उन्हाळ्यात अंग तापते. औषध मनाने बंद करू नका. ठरावीक वेळाने पाणी द्या, लघवी गडद दिसते का पाहा. गिळण्यास त्रास असेल तर आपल्याकडची वरून धार धरून पिण्याची रीत अगदी टाळा. मुलाला ताठ बसवून, मान किंचित पुढे ठेवून घोट घोट पाजा. वारंवार ठसका लागत असल्यास डॉक्टरांना दाखवा. फिट येणाऱ्या मुलाला भरल्या बादलीजवळ किंवा हौदापाशी क्षणभरही एकटे सोडू नये; न्हाणीघराला आतून कडी नको. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते.

वाहत्या नळाचे वेड काही मुलांना फार असते. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या तालुक्यात त्यावरून बोलणी बसतात. त्याऐवजी तुळशीला रोज दोन तांबे घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. मोजून दोनच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत विशेष शिक्षकांची चौकशी करा. मुलाच्या दप्तरात एक वही ठेवा आणि घरी कोणती पायरी जमली, कोणता शब्द वापरता, ते तीत लिहून पाठवा, म्हणजे गुरुजीही तोच शब्द वापरतील.