शरद ऋतू आणि एक वही

भाद्रपद सरत आला, की आमच्या कोपरगावात एक वाक्य हटकून कानावर येते. ओट्यावर, पारावर, बाजाराच्या वाटेवर दोन वडीलमाणसे भेटली, की त्यांतले एकजण म्हणतेच, "आता पूर्वीसारखे ऋतू राहिले नाहीत." दुसरे मान डोलावते आणि विषय तिथेच संपतो. आपणही हे वाक्य अनेकदा ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. पण पूर्वीसारखे म्हणजे नेमके कसे? कोणत्या साली हस्ताचा पाऊस किती पडला? पहिले दव कोणत्या तारखेला दिसले? असे विचारले, तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. आठवण असते, पण तिला तारीख नसते.

आमच्या आळीत मात्र या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. सारी नोकरी गोदावरीच्या कालव्यावर पाटकरी म्हणून झाली. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले डावा आणि उजवा असे दोन कालवे शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या भागाला पाणी देत आले आहेत. आवर्तन कधी सुटले, कोणत्या चारीला किती पाणी गेले, हे रोज लिहून ठेवण्याची सवय नानांना नोकरीत लागली. नोकरी संपली, पण सवय गेली नाही. आता ते पाण्याऐवजी ऋतू लिहितात. एक साधी रेघी वही, दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि रोजच्या दोन-चार ओळी. हाच त्यांचा छंद.

शरद ऋतूत या छंदाला खरा बहर येतो. तेव्हा नानांबरोबर एक दिवस फिरून येऊ या.

पहाटे पाचच्या सुमारास नाना नदीवर जातात. सप्टेंबरात त्या वेळी दक्षिणेला, क्षितिजापासून फार उंच नाही असा, एक ठळक तारा दिसतो. तो अगस्ती. अगस्ती उगवला की नदीचे पाणी निवळते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तारा काही पाणी गाळत नाही, हे उघड आहे. पण ही समजूत अगदीच पोकळ नव्हे. अगस्ती पहाटे दिसू लागतो त्याच दिवसांत पावसाचा जोर ओसरतो, नदीचा वेग मंदावतो आणि वेगामुळे पाण्यात तरंगत राहिलेली माती तळाशी बसते. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. त्यांतील एक दुसरीचे कारण नसते. शिक्षकांनी वर्गात कार्यकारणभाव शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

घाटाच्या पायऱ्यांवर या दिवसांत एक करड्या-पांढऱ्या रंगाचा सडपातळ पक्षी दिसू लागतो. शेपटी सारखी वरखाली आपटत तो काठाकाठाने धावतो, म्हणून लोकांनी त्याला परीट किंवा धोबी असे नाव दिले. हा उत्तरेकडचा पाहुणा. हिमालयात आणि त्याही पलीकडे वीण करून तो थंडीपुरता आपल्याकडे येतो. त्याच्या आगेमागे येतात त्या भोरड्या. ज्वारीच्या शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यायला नको! या मध्य आशियातून येतात; संध्याकाळी त्यांचे थवेच्या थवे आकाशात वळणे घेत बाभळींवर उतरतात. दाणे खातात हे खरे, पण नाकतोडेही फस्त करतात.

तिसरा प्रवासी आकाराने लहान, पण त्याची मजल मोठी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात उघड्या माळावर, पिकाच्या शेंड्यांवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना आपण पाहिले असतील. पोरे शेपटीला दोरा बांधून ज्यांना छळतात तेच हे. मालदीव बेटांवर राहणारे चार्ल्स अँडरसन नावाचे शास्त्रज्ञ दरवर्षी ऑक्टोबरात तिथे येणारे चतुर मोजत असत. जिथे गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तिथे एवढे चतुर येतात कोठून? 2009 साली त्यांनी असे मांडले, की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. अंगणातल्या चतुराचा एवढा मोठा प्रवास कशामुळे कळला? एका माणसाने वर्षानुवर्षे तारखा लिहून ठेवल्या म्हणून.

घरी परतल्यावर, बरोबर साडेआठ वाजता नाना अंगणातला डबा पाहतात. हवामान खात्यातही पावसाची रोजची मोजणी सकाळी साडेआठलाच होते. नानांचे पर्जन्यमापक म्हणजे सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा एक डबा आणि एक मोजपट्टी. डब्यात पाणी पंधरा मिलिमीटर चढले, की पाऊस पंधरा मिलिमीटर. डबा रुंद असो की अरुंद, उंची तीच येते. फक्त तो भिंतीपासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर, जमिनीपासून थोडा उंच ठेवला पाहिजे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. हा हिशेब मुलांना एकदा करायला सांगा. "पाऊस झाला" आणि "पाऊस किती झाला" यांतला फरक त्यांना कायमचा कळेल.

पावसानंतर नाना आणखी एक तारीख टिपतात: वापसा केव्हा आला. माती हातात घेऊन दाबली तर तिचा चिखल होऊ नये आणि ढेकूळही राहू नये, अशी ती अवस्था. रब्बी ज्वारीची पेरणी याच घडीवर अवलंबून. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि आमच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून हस्ताचा पाऊस आणि त्यानंतरचा वापसा यांच्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात.

पुढे दुपारी ऊन तापते. आकाश निरभ्र, जमीन ओली, वारा पडलेला. त्यामुळे उकाडा असह्य होतो. रात्री मात्र तेच निरभ्र आकाश थंडी आणते. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते, गवताची पाती हवेहूनही गार पडतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर दवाच्या रूपाने साचते. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री दव पडत नाही, ते यामुळेच. कांदा लावणाऱ्यांनी दवाची नोंद जरूर ठेवावी. पाती फार वेळ ओली राहिली, की करप्याला आयते आमंत्रण मिळते.

आता एक अडचण सांगतो. नाना आधी तिथीने नोंदी करत. कोजागरीला पहिले दव, घटस्थापनेला शेवटचा पाऊस, अशा. पण तिथी चंद्राची आणि ऋतू सूर्याचा. 2023 साली कोजागरी 28 ऑक्टोबरला आली, 2025 साली 6 ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! मग "यंदा कोजागरीला थंडीच नव्हती" या तक्रारीला काय अर्थ? पावसाची नक्षत्रे सूर्याची असल्यामुळे ती अधिक भरवशाची. हस्त लागते ते सप्टेंबरच्या 26-27 तारखेला, चित्रा ऑक्टोबरच्या 10-11ला, स्वाती 23-24ला. पण पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवऱ्यामुळे ही नक्षत्रेही ऋतूंच्या मानाने साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. एका आयुष्यात हे जाणवत नाही. हजार वर्षांत मात्र ते चौदा दिवसांवर जाते. म्हणून नाना आता नक्षत्र लिहितात आणि शेजारी इंग्रजी तारीखही घालतात.

"पडतील स्वाती, तर पिकतील मोती" ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पीकपद्धतीतून आलेली. शेतात ज्वारी, हरभरा, गहू असेल, तर स्वातीची हलकी सर सोन्यासारखी. पण आज सोयाबीनची सोंगणी करून सुड्या शेतात पडलेल्या असतात, आणि रोपवाटिकेत कांद्याची कोवळी रोपे. 2019 साली ऐन दिवाळीत, स्वाती नक्षत्रातच, अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही वादळे उठली आणि राज्याच्या मोठ्या भागात पाऊस कोसळत राहिला. शेंगांतच कोंब फुटले. म्हण चुकली असे नव्हे, शेत बदलले. असे बदल लक्षात यायचे, तर नोंद हवी.

आणि आपल्या ओट्यावरच्या त्या वाक्याचे काय? त्याचेही उत्तर नोंदींनीच दिले आहे. मोसमी पाऊस परतायला कधी लागतो, याच्या सरासरी तारखा आपले हवामान खाते फार वर्षे 1901 ते 1940 या काळातील माहितीवरून सांगत असे. 2020 साली खात्याने 1971 ते 2019 च्या नोंदी घेऊन त्या नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी फिरण्याची तारीख आधी 1 सप्टेंबर होती, ती 17 सप्टेंबर झाली. म्हणजे पाऊस उशिरा परततो, हे म्हाताऱ्यांचे म्हणणे पुष्कळसे खरेच होते. पण ते सिद्ध झाले कोणाच्या तरी रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांनी.

आठवण मात्र फसवते. एका सप्टेंबरात नाना मला म्हणाले, "सर, यंदा परीट फार उशिरा आला." आम्ही मागची वही काढली. पाहतो तो काय, आदल्या वर्षापेक्षा दोन दिवस आधीच आला होता! नाना हसले आणि म्हणाले, "म्हातारपणी सगळंच उशिरा आल्यासारखं वाटतं."

परदेशांत या छंदाला मोठा मान आहे. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 साली पहिली पाने, पहिली फुले, पहिले पक्षी यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालवले. हॉलंडमध्ये 2001 पासून विद्यापीठ आणि रेडिओ यांनी मिळून असा उपक्रम चालवला. पहाटेच्या पक्ष्यांचे नाव असलेला एक रविवारचा कार्यक्रम तिथे 1978 पासून लागतो. तो ऐकणारी सामान्य माणसे, त्यांत निवृत्त वडीलमंडळीही आली, आपल्या बागेतली पहिली फुले आणि पहिली फुलपाखरे कळवू लागली. आपल्या देशातही 2007 साली पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि केरळातील शाळांची मुले झाडांच्या पालवी-फुलांच्या नोंदी ठेवतात.

आता जे सांगायचे, ते सांगताना मला संकोच वाटतो. नानांच्या बारा वर्षांच्या वह्या होत्या. "सर, कॉलेजात नेऊन कुठे नीट ठेवता आल्या तर बघा," असे ते मला दोन वेळा म्हणाले होते. मी म्हणालो, "परीक्षा संपल्या की नेतो." मग पेपर तपासणे आले, मग आणखी काही. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे गाठोडे रद्दीत गेले. घरच्यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना त्या जुन्या वह्या वाटल्या. मी दुकानात धावलो तेव्हा माल पुढे गेला होता. नाना मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "त्यात हस्ताची बारा वर्षं होती." उरली ती चालू वही तेवढी.

आज नानांची नात लिहिते. नाना सांगतात, ती तारीख घालते, आणि महिना संपला की सगळे दुसऱ्या वहीत उतरवते. ती दुसरी वही माझ्याकडे असते. परीक्षा असोत की नसोत, महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी ती आणायला जातो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती आहे. नवरात्रात मुली हत्ती काढून हादगा खेळतील, घरोघरी घट बसतील. त्याच दिवसांत शाळेत एक वही सुरू करा. घटातल्या धान्याला कोंब कोणत्या दिवशी आला आणि दसऱ्याला तो किती बोटे वाढला, ही पहिली नोंद. बियाणे कसे आहे, हेही तिच्यातून कळेल. मग शेवटचा पाऊस आणि त्याचे मिलिमीटर, वापशाची तारीख, पहिले दव, पहिला परीट, पहिली भोरड्यांची झुंड. एवढे पुरे आहे. जे दिसले नाही, ते दिसले नाही असेच लिहावे. वहीच्या दोन प्रती ठेवाव्यात, आणि एक शाळेच्या दप्तरात जमा असावी.

आणि गावात एखादे नाना, एखादी आजी असेल, तर मुलांना त्यांच्या ओट्यावर पाठवा. ती माणसे म्हणतील, "पूर्वीसारखे ऋतू राहिले नाहीत." मुलांनी विचारावे, "आजोबा, पूर्वी कसे होते?" आणि ते सांगतील ते, आजची तारीख घालून, लिहून घ्यावे.