चाकांचे मैदान कोणासाठी?

सायकलवरून उतार उतरताना पायडल न मारताही वेग कसा वाढत जातो, हे तुम्ही अनुभवले असेलच. ही गंमत मनसोक्त लुटता यावी म्हणून स्केटबोर्ड, म्हणजे चाके लावलेली फळी, आणि बीएमएक्स ही बुटकी, दणकट सायकल यांच्यासाठी काँक्रीटचे उतार व खोलगट खळगे असलेली मैदाने बांधतात. असे मैदान सर्वांना खेळता येईल, अशा रीतीने कसे आखावे?

प्रथम वेग पाहू. उतारावरून खाली येताना स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. घर्षण सोडून दिले, तर १ मीटर उंचीवरून येणाऱ्याचा तळाशी वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. ३ मीटरवरून आल्यास सुमारे २८ किलोमीटर. या हिशेबात वस्तुमान येतच नाही. लहान मुलगी असो वा पैलवान, वेग सारखाच!

आता उताराचा आकार पाहू. १ मीटर उंचीच्या उताराच्या वक्राची त्रिज्याही १ मीटर असेल, तर तळाशी पायांवर आपल्या वजनाच्या तिप्पट भार येतो. त्रिज्या २ मीटर केली, तर तो दुप्पटच येतो. म्हणून नवशिक्यांसाठी उतार बुटका व वक्र ऐसपैस हवा. निष्णातांचे खोल खळगे बाजूला असावेत.

पृष्ठभागही महत्त्वाचा. बीएमएक्सचे चाक सुमारे ५० सेंटिमीटर व्यासाचे, तर स्केटबोर्डचे जेमतेम ५ सेंटिमीटरचे. सायकल सहज ओलांडते त्या भेगेत फळी अडकते. चाकांच्या खुर्चीची पुढची चाकेही लहानच असतात.

खुर्ची इथे कशाला, असे वाटले ना? अमेरिकेतील एरन फॉदरिंगहॅम याला पाठीच्या कण्याचा जन्मजात विकार आहे. २००६ मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, त्याने उतारावरून खुर्चीसह हवेत उलटी कोलांटी मारून दाखवली! पण असा खेळाडू आधी मैदानात तर शिरला पाहिजे. त्यासाठी प्रवेशाचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा.

एवढ्याने भागते का? मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ मध्ये असे मैदान झाले. तेथे दोन नियम ठरले : शाळेत जाईल त्यालाच खेळायला मिळेल आणि मुलींना पहिली संधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे स्केटबोर्डच्या जागतिक स्पर्धेत उतरली. उतार कितीही अचूक बांधला, तरी पाळीच मिळाली नाही तर त्याचा काय उपयोग?

आता टेप घेऊन आपल्या शाळेच्या मैदानावर जा. दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर १ : १२ चा उतार किती लांब लागेल? ५ मीटर ४० सेंटिमीटर! तेवढी जागा आहे का, ते मोजा. आणि या मैदानावर कोण कधीच खेळायला येत नाही, तेही वहीत टिपून ठेवा.