बोटीवरची टीप म्हणजे पोस्त नव्हे

सिंगापूरहून सुटलेल्या क्रूझची शेवटची रात्र. बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवून झाल्या होत्या आणि खाली गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढे रांग होती. माझ्यापुढे पुण्याचं एक कुटुंब. आजोबांच्या हातात खर्चाचा कागद, त्यातल्या एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली.

"न मागता टीप लावतात म्हणजे काय? टीप हा खुशीचा मामला!"

"काढता येते म्हणतात, बाबा."

"मग काढ की!"

काउंटरवरच्या मुलीने कारणही न विचारता दोन मिनिटांत ती रक्कम काढून दिली. आजोबा विजयी मुद्रेने वळले. मला त्यांचा राग आला नाही. 'टीप' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिवाळीची पोस्त येते. पोस्टमन, वॉचमन, पेपरवाला यांचा पगार दुसरीकडून होत असतो, आपण वर्षाकाठी खुशीने थोडं हातावर ठेवतो. बोटीवरच्या कागदावरची ती ओळ मात्र पोस्तीपेक्षा धुण्याभांड्याच्या बाईंच्या महिन्याच्या पगारासारखी आहे. नाव टिपेचं आणि काम पगाराचं, म्हणून तर इतका गोंधळ होतो.

"तिकिटात सगळं आलंच की!"

तिकिटात खोली, मुख्य डायनिंग रूम, बुफे, करमणुकीचे कार्यक्रम हे सगळं येतं. सेवेचे पैसे बहुतेक मोठ्या अमेरिकी कंपन्यांत वेगळे लागतात, माणशी आणि दर दिवशी. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर २०२३ पासून साध्या खोलीसाठी हा दर १८.५० डॉलर केला, स्वीटसाठी २१. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने त्याच वर्षी साध्या खोलीसाठी २० डॉलर केला. नवरा-बायको आणि दोन मुलं सात रात्रींसाठी निघाली, तर १८.५० च्या दराने ५१८ डॉलर होतात. डॉलर नव्वदच्या आसपास धरला तर छेचाळीस हजार रुपयांच्या वर. हा आकडा बुकिंग करतानाच हिशेबात धरायचा असतो, शेवटच्या रात्री रांगेत उभं राहून नव्हे.

मुलांचे पैसे लागत नाहीत, हीही एक आवडती समजूत. काही कंपन्या दोन-तीन वर्षांखालच्या बाळांना सोडतात, काही कोणालाच सोडत नाहीत.

उलट बाजूही आहे. हे पैसे सगळीकडे वेगळे लागतात असंही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये वेगळा सेवा आकार बंदच केला. रीजंट, सीबॉर्न, सिल्व्हरसी या महागड्या कंपन्या तो भाड्यातच धरतात. जर्मन प्रवाशांसाठी चालणाऱ्या आयडा आणि माइन शिफ या बोटींवरही तेच. एकाच धंद्यातल्या काही कंपन्यांना जे भाड्यात धरता येतं, ते बाकीच्यांना येत नाही असं कसं मानायचं? वेगळं ठेवलं की जाहिरातीतलं भाडं कमी दिसतं, बाकी काही नाही.

मुंबई-पुण्याच्या टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी एक प्रश्न लेखी विचारावा: क्रूझची ग्रॅच्युइटी, म्हणजे हा रोजचा आकार, पॅकेजमध्ये आहे की नाही? टूरच्या सुरुवातीला 'टिप्सचे' म्हणून जे पैसे गोळा होतात ते बरेचदा जमिनीवरच्या बसचालकाचे आणि गाइडचे असतात. दोन्ही एकच समजून लोक बोटीवर चकित होतात.

"पगार तर कंपनी देतेच, हे वरचं बक्षीस"

खरी गाठ इथे आहे. पूर्वी बोटीवर टीप पाकिटातून दिली जायची. शेवटच्या रात्री जेवणाच्या टेबलावर वेटरला एक, त्याच्या मदतनिसाला एक, केबिन स्टुअर्डला एक. कोणाला दिवसाचे किती द्यावेत याचं पत्रकच मिळायचं: वेटरला माणशी साडेतीन डॉलर, मदतनिसाला दोन, असं. त्या काळात काही अमेरिकी कंपन्यांच्या करारांत वेटरचा मूळ पगार महिन्याला ५० डॉलर असायचा. पन्नास. बाकी सगळं त्या पाकिटांवर. आणि शेवटच्या रात्री डायनिंग रूमकडे न फिरकता बुफेत जेवून घेणारे प्रवासी तेव्हाही होते. सात रात्री ज्याने वाढलं त्याची नजर चुकवायची, एवढाच त्याचा अर्थ.

मग जेवणाची पद्धत बदलली. ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ आणि रोज तोच वेटर ही रीत मोडायला २००० च्या सुमारास नॉर्वेजियनने सुरुवात केली. हव्या त्या हॉटेलात, हव्या त्या वेळी जेवा. आज इटालियन, उद्या बुफे, परवा तिसरीकडे. पाकीट द्यायचं कोणाला? त्यातून माणशी रोजचा सरसकट आकार आला. रॉयल कॅरिबियनने तो २०१३ मध्ये आपोआप लावायला सुरुवात केली, तेव्हा दर १२ डॉलर होता.

या बोटी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदलेल्या असतात. बोट मायामीहून सुटली तरी तिच्यावर अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागत नाही. लागतो तो सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. वेटर आणि स्टुअर्डही त्यात खलाशीच मानले जातात. विश्रांती दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला सत्त्याहत्तर, असा त्याचा एक हिशेब. म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तासांपर्यंत काम नियमात बसतं, आणि काम चालतं ते महिनोन्‌महिने आणि आठवड्याची पूर्ण सुट्टी नसताना. या कष्टाच्या मोबदल्यातला मोठा वाटा कंपनीने तुमच्या खात्यावरच्या त्या ओळीत टाकलेला असतो.

"काढून टाकू आणि ज्याने काम केलं त्याच्या हातात रोख देऊ"

ऐकायला न्याय्य वाटतं. मलाही वाटलं होतं. आमच्या मजल्यावरचा केबिन स्टुअर्ड मालवणचा निघाला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव होतं. पुढचं गाव बोलण्यातून कळलं. तिसऱ्या दिवशी तो टॉवेलचा हत्ती पलंगावर ठेवत असताना मी त्याला माझा हा बेत सांगितला. तो हत्तीचा कान नीट करत म्हणाला, "काका, हातार काय ठेवलात नाय तरी चलात. पण तो चार्ज काढू नकात."

कारण हे पैसे एकट्याचे नसतात. ते एका सामायिक गल्ल्यात जातात आणि तिथून वाटले जातात. वाटेकऱ्यांत खोली आवरणारा आणि वेटर तर असतातच. बऱ्याच कंपन्यांत पडद्यामागची मंडळीही असतात. पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर चादरी धुणारा, ताटं विसळणारा, बुफेतली भांडी भरणारा. यांचं तोंडही आपल्याला दिसत नाही, मग त्यांच्या हातात रोख कसं पोचणार? शिवाय काही कंपन्यांचा नियम असा आहे की प्रवाशाने आपोआप लागणारा आकार काढला असेल, तर त्याच्याकडून मिळालेले रोख पैसे कर्मचाऱ्याने गल्ल्यात जमा करायचे. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी एवढी खटपट केली, त्याच्याच हातातून ते जायचे. आकार तसाच ठेवून वर जे द्याल ते मात्र साधारणपणे त्याचं एकट्याचं.

गोवा आणि तळकोकणातल्या किती घरांत असा एखादा 'बोटीवरचा' असतो, हे वेगळं सांगायला नको. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, बोटीची वाट पाहत मुक्काम करायची रीत तर कित्येक पिढ्यांची. आजोबांनी काढलेल्या पैशांत एखाद्या वेंगुर्ल्याच्या किंवा मडगावच्या घराचा वाटा असू शकतो. हे त्या रांगेत त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

"सर्व्हिस चार्ज बेकायदा आहे, कोर्टानेच सांगितलंय"

हे अर्धं खरं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलं आणि रेस्टॉरंटांनी बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये असं बजावलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं. पण ते भारतातल्या हॉटेलांपुरतं. सिंगापूरहून किंवा बार्सेलोनाहून सुटणाऱ्या परदेशी झेंड्याच्या बोटीवर तुम्ही तिकिटाबरोबर त्या कंपनीच्या अटी स्वीकारलेल्या असतात. आकार कमी करायची किंवा काढायची सोय बऱ्याच बोटींवर आहे, ती कंपनीच्या नियमाने. मुदत बहुधा उतरेपर्यंतची. घरी आल्यावर ईमेल पाठवून उपयोग होईलच असं नाही.

"एकदा ग्रॅच्युइटी भरली की टिपेचा विषय संपला"

इथे आपण खरोखर फसतो, आणि तेही न कळता. रोजचा आकार बारला लागू नाही. बारमधल्या प्रत्येक पेयावर वेगळे १८ ते २० टक्के आपोआप लागतात, स्पाच्या बिलावरही. मग बारटेंडर पावती पुढे करतो. त्यावर पेयाची किंमत, खाली ते १८ टक्के, आणि त्याखाली एक रिकामी ओळ: 'अतिरिक्त टीप'. रिकामी ओळ दिसली की भरायची, ही शाळेपासूनची सवय. मी पहिल्या रात्री दोन डॉलर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खात्यावर पाहिलं तर एकाच मोसंबी रसावर दोनदा टीप दिली होती. ती ओळ रिकामी सोडणं अजिबात असभ्य नाही. तिथे आडवी रेघ मारून सही करावी.

'फुकट ड्रिंक्स पॅकेज'ची गंमत याहून न्यारी. पॅकेज फुकट असतं, पण त्याच्या मूळ किमतीवरची ग्रॅच्युइटी नसते. सात रात्रींचं पॅकेज दोघांनी घेतलं की ही फुकटची गोष्ट हजारो रुपयांना पडते. आणि घरात दोघंही लिंबूपाणी पिणारे असतील तर ती निव्वळ उधळपट्टी.

"मग कप्तानाला काय द्यायचं?"

काही नाही. कप्तान, अधिकारी, इंजिन रूमची माणसं आणि काउंटरवरची मुलगी यांना टीप देत नाहीत. कप्तानाच्या हातात पाच डॉलर ठेवणं म्हणजे मुख्याध्यापकांना पोस्त देण्यासारखं. बटलर असलेल्या स्वीटमध्ये राहत असाल तर मात्र त्याचं वेगळं पाहावं लागतं. काही ठिकाणी तो रोजच्या आकारात धरलेला नसतो.

"सेवा वाईट झाली तर कापायचीच"

ही सोय खरोखर याचसाठी ठेवली आहे. पण तिसऱ्या दिवशी बाथरूमचा नळ बिघडला असेल तर तिसऱ्याच दिवशी काउंटरवर सांगावं. तेव्हा ते दुरुस्त होतं, खोलीही बदलून मिळू शकते. शेवटच्या रात्री पैसे कापले की नळ दुरुस्त होत नाही; ज्याचा नळाशी काही संबंध नव्हता त्या भांडी घासणाऱ्याच्या वाट्याचं तेवढं कमी होतं.

प्रवाशांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. २०२३ च्या सुरुवातीला रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनने बहुतेक साध्या खोल्यांची दोन वेळची झाडलोट एक वेळेवर आणली आणि त्याच वर्षी रोजचा आकारही वाढवला. सेवा निम्मी आणि टीप जास्त, याला कुठल्याही शिष्टाचारात उत्तर नाही. फक्त राग कंपनीवर काढावा, स्टुअर्डवर नव्हे.

पुढे दर वाढायची भीती असेल तर ग्रॅच्युइटी निघण्याआधीच भरता येते. तेव्हा भरली की सहसा त्या दिवसाचाच दर लागतो, नंतर वाढला तरी. वर कोणाला द्यायचंच असेल तर एक आणि पाच डॉलरच्या नोटा घरूनच न्याव्यात. बोटीवर सगळा व्यवहार कार्डाचा, त्यामुळे सुटे मिळायची पंचाईत होते.

मी मालवणच्या स्टुअर्डला शेवटच्या सकाळी दहा डॉलर दिले. त्याने घेतले, हसला आणि म्हणाला, "काका, सर्व्हे येतलो तेत माझां नाव तेवढां लिवा. फुडच्या कॉन्ट्रॅक्टाक उपेग होता." मी बिल्ल्यावरून त्याचं नाव नीट उतरवून घेतलं. घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सर्व्हेची ईमेल आली, तेव्हा दोन ठिकाणी लिहिलं.