व्हँपायरावर मन जडलेल्यांस चार सूचना

श्रोतेहो, परवां माझी पुतणी म्हणाली, "काका, मला साधीं माणसें रुचतच नाहींत. फिकट चेहऱ्याचा, अबोल, रात्रभर जागणारा एखादा व्हँपायर पाहा माझ्यासाठीं!" मुलगी तिशीची, सुशिक्षित, कमावती, तेव्हां रागावण्याची सोय नाहीं. मी पडलों जन्माचा शाळामास्तर. म्हणून प्रथम स्थळाची माहिती काढली.

हा रक्तपिपासू प्राणी मूळचा पूर्व युरोपांतला. १७२५ सालीं सर्बियांतील एका खेड्यांत पेटर प्लोगोयोवित्स नांवाच्या मृत शेतकऱ्यावर असा आळ आला. उकरलेलें प्रेत ताजें दिसलें व तोंडाशीं रक्त आढळलें, म्हणून गांवकऱ्यांनीं छातींत खुंटा ठोकून तें जाळलें. शरीरांतील वायूच्या दाबानें असा द्रव बाहेर येतो, हें आज आपण जाणतों. अशा नवरदेवावर कोणाचें मन जडणार? पण १८१९ सालीं पोलिडोरी नांवाच्या डॉक्टरानें कथेंत त्याला उमराव बनविलें, आणि १८९७ सालीं ब्रॅम स्टोकरनें 'ड्रॅक्युला' लिहून त्याला किल्लाही दिला. तेव्हांपासून स्थळ चांगलें ठरलें!

आतां सूचना. पहिली: भेट भर दुपारीं ठरवावी. स्टोकरचा काउंट दिवसा हिंडूं शकतो, पण तेव्हां त्याचें सामर्थ्य ओसरतें. जी मोहिनी दुपारच्या चहापुढें टिकत नाहीं, ती संसारांत काय टिकणार?

दुसरी: त्यास आरसा दाखवावा. काउंटचें प्रतिबिंब आरशांत पडत नाहीं, म्हणून पाहुण्याचा दाढीचा आरसाच तो खिडकीबाहेर भिरकावतो. दोष दाखवितांच आरशावर राग काढणारीं माणसें जिवंतांतही पुष्कळ आहेत.

तिसरी: पानांत लसणीची चटणी वाढावी. त्यास ती सोसत नसेल तर हरकत नाहीं. पण तुमच्याही पानांतली ती उचलूं लागला, तर सावध व्हावें.

चौथी सूचना उंबरठ्याची. घरांतील कोणीं बोलाविल्याखेरीज काउंटला आंत येतां येत नाहीं. मात्र एकदां बोलावणें झालें, कीं तो हवा तेव्हां येतो. त्या कादंबरींतील लूसी दिवसेंदिवस फिकी पडत जाते. चार पुरुष आपलें रक्त देतात, तरी ती वांचत नाहीं. एकाचें शोषण चाललें असतां भोंवतालचीं मायेचीं माणसेंही आटत जातात, तीं अशीं.

हें ऐकून पुतणी हंसली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "काका, माझ्या पानांतली चटणी कधींच गेली."

मीं तिला एवढेंच सांगितलें, "पोरी, काउंटला दिलेलें बोलावणें फिरत नसेल, माणसाला दिलेलें फिरतें. दार तुझें आहे."

श्रोतेहो, ज्याच्या सहवासानें अंगावर मूठभर मांस चढतें, तें प्रेम. ज्यानें रक्त आटतें, तें नव्हे. मग तो कितीही फिकट आणि देखणा असो!